बढेतला ‘ढ’ काढला की

महाराष्ट्रात धामणगावांना तोटा नाही. त्यातलं सगळ्यात वजनदार अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे, कारण त्याच्या नावालाच आगगाडी जोडलेली आहे. आमचं धामणगाव बुलडाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात. आमच्याकडे आगगाडी येत नाही, तिच्यासाठी मलकापूर गाठावं लागतं. तेव्हा रेल्वेच्या जागी आम्हाला ‘बढे’ मिळालं. बढे हे आडनाव आहे, लेवा पाटलांमध्ये आढळतं, हे मी पुण्यात अनेकांना समजावून पाहिलं. पण ऐकणारा तोवर हिंदीत शिरलेला असतो. “धामणगाव बढे? कुठे बढे?” असं विचारून तो स्वतःच हसतो, आणि हा विनोद जगात पहिल्यांदा आपणच केला अशा आनंदाने माझ्याकडे बघतो. एका कुरिअरवाल्याच्या कॉम्प्युटरने तर गावाचे दोन तुकडे करून ‘बढे’ हे माझं आडनाव ठरवलं आणि माझं खरं आडनाव ‘जवळची खूण’ या रकान्यात टाकलं.

गावच्या पोरांनी मात्र या नावाचा निराळाच विग्रह केला होता. वर्गात जो मागे पडेल तो ‘ढ’. आता ‘बढे’मधला ‘ढ’ काढा, मात्रा तेवढी राहू द्या. काय उरलं? ‘बे’. म्हणजे गावातून ढ वजा केले की बाकी राहतात ते सगळे ‘बे’. गणित चोख होतं. ते मांडणारे पुढे दहावीला गणितातच आपटले, ही गोष्ट वेगळी.

‘बे’ म्हटलं की पुण्यातल्या माणसाला वाटतं, आता इथे हाणामारी होणार. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ साली आला तेव्हा नागपूरच्या पोरांच्या तोंडचा ‘बे’ ऐकून माझ्या मेहुण्याने मध्यंतरात हळूच विचारलं, “तुमच्याकडे हे नातेवाइकांतसुद्धा चालतं का हो?” त्या ‘हो’मध्ये काळजी होती. मी म्हटलं, चालतं, पण नियमाने चालतं. त्याला नियम सांगेपर्यंत पॉपकॉर्न संपले.

नियम असे. जावई, मास्तर आणि ज्याच्याकडून पैसे उसने घेतलेत तो, यांना ‘अहो’. वयाने मोठा पण आपल्यातला, त्याला ‘गा’. लहान असेल तर ‘रे’. आणि बरोबरीचा असेल तर ‘बे’. बापाला, काकाला, मामाला ‘बे’ म्हणायचं नसतं. मामा मात्र भाच्याला म्हणू शकतो, आणि म्हणतोच. बायकांना तर मुळीच म्हणायचं नाही, त्यांच्यासाठी ‘वं’ आहे. वाक्यातली जागाही महत्त्वाची. “कुठी चालला बे?” ही निव्वळ चौकशी. तोच ‘बे’ “अबे” होऊन वाक्याच्या तोंडाशी आला, की आजूबाजूच्यांनी आपापल्या सायकली बाजूला घ्यायच्या. “अबे हाव ना बे!” यात पुढूनही आला आणि मागूनही आला, तर तो माणूस मनापासून कबुली देतो आहे असं समजावं. खरी धोक्याची खूण म्हणजे ‘बे’ गायब होणं. लंगोटीयार जर पारावर येऊन “कसे आहात?” असं विचारू लागला, तर एक तर तो ग्रामपंचायतीला उभा आहे किंवा त्याला जामीनदार हवा आहे.

शाळेत या शब्दाशी आमचं नातं फार चमत्कारिक होतं. सकाळी गुरुजी छडी हातात घेऊन सगळ्या वर्गाकडून वदवून घेत: बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. दुपारी त्याच छडीने ‘बे’ म्हटल्याबद्दल मारत. पाढ्यातला बे हळू म्हटला म्हणून मार, मैदानातला बे मोठ्याने म्हटला म्हणून मार. शेवटी एका पोराने विचारलंच, “गुर्जी, दोन एके दोन काहून नाई?”

“कारण बे म्हणजेच दोन.”

“मंग ‘काय बे’ म्हंजे ‘काय दोन’?”

त्याला छड्या बसल्या त्याही बे.

पण पोराच्या प्रश्नाच्या मुळाशी एक खरं भांडण आहे, आणि ते फार जुनं आहे. संस्कृतातला ‘द्व’ हा जिभेला जड. तो हलका करताना आपल्या पूर्वजांचे दोन पक्ष पडले. एका पक्षाने ‘व’ टाकला आणि ‘द’ ठेवला. दुसऱ्याने ‘द’ टाकला आणि ‘व’चा ‘ब’ केला. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात दोन्ही पक्षांची रूपं शेजारी शेजारी नांदतात: ‘दोण्णि’ आहे आणि ‘वेण्णि’ही आहे. मराठीने बाजारहाटासाठी ‘दोन’ घेतला. पण घरातलं जुनं काही टाकून द्यायचं नाही ही आपली रीत, म्हणून ‘बे’ पाढ्यात ठेवला आणि बाकीचा मोठ्या आकड्यांच्या पोटात लपवला. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. बघा, एकातही ‘दोन’ नाही. सगळीकडे ‘ब’ बसलेला.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचण्याची पद्धत आली आणि महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं. जोडाक्षरं आणि उलटसुलट आकडे मुलांना जड जातात, त्यांना गणिताची भीती बसते, हा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नव्हता, आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांनी त्याला हात वर करून पाठिंबा दिला असता. पण माझ्या पोटात वेगळ्याच कारणाने गोळा आला. वीस दोन, तीस दोन, चाळीस दोन असं सुरू झालं की ‘बे’चा मराठीतला शेवटचा सरकारी आसराही गेला. आणि उद्या कुणी स्वातंत्र्यसैनिकाच्या पुतळ्यासमोर ‘चाळीस दोनच्या चळवळी’वर भाषण ठोकलं तर ऐकायचं कसं?

शेजारच्या गुजरातीने मात्र असा लपंडाव केला नाही. तिथे दोन म्हणजे उघडपणे ‘बे’. आमच्याकडची आणि खानदेशातली बरीच माणसं कामधंद्यासाठी सुरतेला जातात. मलकापूरहून भुसावळ, भुसावळहून तापीच्या काठाकाठाने गाडी सुरतेत. माझा एक मित्र असाच पहिल्यांदा गेला. पहाटे उतरला, सोबत एक गाववाला. स्टेशनबाहेरच्या टपरीसमोर दोघं उभे राहिले. टपरीवाल्याने यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आतल्या पोराला ओरडून सांगितलं, “बे चा!”

मित्राने हातातली पिशवी खाली ठेवली. “कोनाले बे म्हनतो बे?”

टपरीवाल्याला त्यातले दोन ‘बे’ कळले. त्याने शांतपणे चार चहा ओतले.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. तिकडे इटलीत रोमन लोकांची जीभही याच शब्दाला अडखळली. जुन्या लॅटिनमधला ‘द्विस’ पुढे ‘बिस’ झाला, म्हणजे संस्कृतातल्या ‘द्विः’चा सख्खा भाऊ, आणि त्याचाही ‘द’ गळून ‘ब’च झाला. एकमेकांची तोंडं न पाहिलेल्या दोन मुलखांनी एकाच शब्दाला एकच बदल केला. त्या ‘बिस’पासून बिस्किट आलं. बिस कॉक्टुस, म्हणजे दोनदा भाजलेलं. त्यातला ‘कॉक्टुस’ हा आपल्या ‘पक्व’चा नातलग. तेव्हा बिस्किट म्हणजे शुद्ध संस्कृतात ‘द्विःपक्व’ आणि गावठी हिशेबात बे वेळा शेकलेलं. ते चहात बुडवलं की तिसऱ्यांदा शिजतं आणि तळाशी जातं, पण त्यासाठी रोमनांकडे शब्द नव्हता.

बायसिकलचंही तेच. ‘बाय’ हा लॅटिन बे. ‘सायकल’ हे ग्रीक चाक, आणि ते ग्रीक चाक आपल्या ‘चक्रा’चं भावंड. ‘द्विचक्रिका’ या शब्दाला आपण इतकी वर्षं हसत आलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, तो शब्द फक्त परदेशातून घरी परत आला होता. तरीही मी म्हणत नाही, कारण “द्विचक्रिकेत हवा भरून दे” म्हटल्यावर आमचा पंक्चरवाला हवेचे पैसे दुप्पट लावेल.

आता मेंढ्यांकडे वळलं पाहिजे. उन्हाळ्यात आमच्या शिवारात काठेवाडी येतात. गुरं, मेंढ्या, कधी उंट, पांढरे आंगरखे, कानात सोनं. संध्याकाळी त्यांचा म्हातारा कळप मोजायला उभा राहायचा: एक, बे, त्रण. तो ‘बे’ म्हणाला की समोरून उत्तर यायचं, “बेंऽऽ.” पुन्हा पहिल्यापासून. त्या मोजणीचा शेवट झालेला मी पाहिलेला नाही.

या मेंढीच्या ‘बें’ने युरोपातल्या पंडितांचा एक मोठा तंटा मात्र मिटवला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्समध्ये क्रॅटिनस नावाचा विनोदी नाटककार होऊन गेला. त्याने मेंढीचं ओरडणं बीटा आणि ईटा या दोन अक्षरांत लिहून ठेवलं. आजचे ग्रीक लोक ती अक्षरं ‘वी वी’ अशी वाचतात. सोळाव्या शतकापासून जुन्या ग्रीकच्या उच्चारांवर वाद पेटला, तेव्हा एका पक्षाने ही मेंढीच साक्षीला उभी केली. माणसं उच्चार बदलतात, मेंढ्या बदलत नाहीत. कुठलीही मेंढी ‘वी वी’ ओरडत नाही, ‘बे बे’ ओरडते. सबब प्राचीन ग्रीकांचा उच्चार ‘बे’ होता. आमच्या काठेवाड्याला हे पाच मिनिटांत सांगता आलं असतं, पण त्याला कुणी विद्यापीठात बोलावलं नाही.

आमच्या मुलखात दुसरा एक ‘बे’ आला तो घोड्यावरून. आमच्याच तालुक्यातल्या रोहिणखेडला १४३७ साली खानदेशचे फारुकी आणि बहमनी फौज यांची लढाई झाली. सोळाव्या शतकाच्या शेवटी निजामशाहीच्या गादीसाठी तिथेच पुन्हा तलवारी निघाल्या. मधल्या काळात, १५८२ साली, खुदावंतखान महदवीने तिथे मशीद बांधली, ती आजही बघण्यासारखी आहे. बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, मग निजाम. राज्यं आली आणि गेली, पण प्रत्येकाच्या दप्तराची भाषा फारसी. या फारसीतला ‘बे’ म्हणजे ‘शिवाय’, ‘विना’. जे नाही ते दाखवणारा. तो एकदा मराठीत शिरला आणि मग त्याने कुणालाच सोडलं नाही. बेइमान, बेनामी, बेदखल, बेलगाम हे त्याचे घरचे. पण ‘शुद्ध’ संस्कृत, ‘सूर’ संस्कृत ‘स्वरा’तून आलेला, ‘ताल’ संस्कृत. त्यांनाही धरून त्याने बेशुद्ध, बेसूर, बेताल केलं. भाषाशुद्धीवर तावातावाने बोलणारा वक्ता उन्हात चक्कर येऊन पडला तर त्याला ‘बेशुद्ध’च म्हणावं लागतं, हा त्याच्यावर केवढा अन्याय.

महसुलाच्या कागदांत एक शब्द आहे: ‘बेचिराख’. बे अधिक चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. गावाला नाव असतं, शिवार असतं, नकाशावर हद्द असते, माणूस मात्र राहत नाही. प्लेगने, दुष्काळाने, लुटारूंच्या भीतीने उठून गेलेली असली गावं वऱ्हाडात जागोजागी आहेत, लोक त्यांना रीठ म्हणतात. फारसी कारकुनाने त्यांची नोंद किती नेमकी केली बघा. माणसं किती, घरं किती हे मोजत बसला नाही. संध्याकाळी दिवा लागतो की नाही एवढंच पाहिलं. मराठी माणसाला ‘चिराग’ उमगला नाही, त्याने त्यात ‘राख’ पाहिली आणि शब्द जळक्या गावांसाठी राखून ठेवला. चुकून झालेली ही दुरुस्ती मला मूळ शब्दाहून भारी वाटते.

‘बेदाणा’ही तसाच: दाणा, म्हणजे बी, नसलेला. हे कळल्यावर आम्ही पोरांनी सगळ्याच शब्दांची उलटतपासणी सुरू केली होती. बेसन म्हणजे सन नसलेलं. बेडूक म्हणजे डूक नसलेला. डूक म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण बेडकाकडे ते नाही हे बेडकाकडे पाहिल्यावर पटत होतं.

‘बेकार’ या शब्दाने मात्र आमच्या पिढीला पुरतं छळलं. फारसी ‘कार’ म्हणजे काम. काम नसलेला तो बेकार. आता मुलीकडची मंडळी आली की आधी फारसी अर्थाने चौकशी करतात, मग इंग्रजी अर्थाने. पहिल्यात नापास झालेल्याला दुसऱ्यात मार्क देत नाहीत. आमच्याकडे एकाने शेती विकून गाडी घेतली. कारवाला झाला, पण कार दारात उभी राहिल्यावर ‘कार’ उरलं नाही.

आता यातली खरी गंमत. फारसीच्या आधीच्या पहलवीत हा उपसर्ग अख्खा होता, आणि तो होता ‘अबे’! ‘अबे-गुमान’ म्हणजे निःसंशय; तोच झिजून आपल्याकडे ‘बेगुमान’ झाला, आणि निःसंशय माणसाचं पुढे काय होतं हे मराठीला ठाऊक असल्यामुळे त्याचा अर्थ ‘मुजोर’ झाला. पण सासानी राजांच्या काळातला एखादा पांढऱ्या दाढीचा धर्मपंडित ईश्वराच्या निःसंशय महत्तेबद्दल बोलायला उभा राहिला आणि त्याने पहिलाच शब्द उच्चारला, “अबे...”, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मी एकटाच हसत बसतो. हिंदीवाल्यांकडे उर्मट बोलण्याला ‘अबे-तबे करणं’ म्हणतात. त्या बिचाऱ्या पंडिताने तबे केलं नव्हतं.

गावात मराठी जितकी कानावर पडते तितकीच उर्दूही. माझा एक जिवलग उर्दू शाळेत जायचा. आमच्या गुरुजींच्या छडीचं ऐकून तो म्हणाला, “हमारे यहाँ तो पहले ही दिन पढ़ाते हैं, अलिफ, बे.” मला त्या शाळेचा मत्सर वाटला. त्याने पाटीवर काढून दाखवलं: एक आडवी रेघ, टोकं वर वळलेली, खाली एक ठिपका. मग त्याने सांगितलं की जुन्या हिशेबात प्रत्येक अक्षराला किंमत असते. अलिफ एक, बे दोन. मी उडालोच. त्यांच्याकडेही बे म्हणजे दोन! ट्रकच्या टपावर दिसणारा ७८६ हा आकडा याच हिशेबाने ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्यातल्या अक्षरांची बेरीज करून येतो, त्या बेरजेतला पहिला आकडा ‘बे’चा, म्हणजे दोनच. या बेचा आणि पाढ्यातल्या बेचा काडीचा संबंध नाही. तो दुसऱ्या क्रमांकावर आहे म्हणून दोन, आपला द्वचा तुकडा आहे म्हणून दोन. एकाच गल्लीत एकाच नावाची दोन माणसं राहावीत आणि पोस्टमनने दोघांचीही पत्रं तिसऱ्याकडे टाकावीत, तसा प्रकार.

त्या अक्षराचं मूळ फिनिशियन लोकांच्या ‘बेत’मध्ये. बेत म्हणजे घर, आणि अक्षर म्हणजे घराचा आराखडा. तोच हिब्रूत राहिला, ग्रीकांकडे बीटा झाला, अल्फाबेटच्या शेपटीला लागला. बेथलेहेम म्हणजे ‘भाकरीचं घर’. तेव्हा फारसी माणसाला ‘बेघर’ म्हणजे ज्याला घर नाही तो, आणि फिनिशियन माणसाला ‘बेघर’ ऐकवलं तर दोन मजली बंगला. घरकुलाचा अर्ज भरताना कुठल्या भाषेत भरतोय हे आधी ठरवावं.

तुर्कस्तानात ‘बे’ म्हणजे चक्क ‘साहेब’. नावाच्या मागे लावतात: अहमत बे, ओरहान बे. त्याचंच जुनं रूप ‘बेग’, आणि त्यातूनच आपली ‘बेगम’. तुर्की प्रजासत्ताकाने १९३४ साली कायदा करून बे, पाशा, एफेंदी या पदव्या रद्द केल्या. लोकांनी कायदा वाचला, मान डोलावली, आणि पुन्हा एकमेकांना ‘बे’ म्हणायला लागले. आमच्या गुरुजींच्या छडीचा परिणामही असाच झाला होता. त्याच तुर्कीत दुसरा एक ‘बे’ आहे, त्याला कसली पदवी नाही. तो वाक्याच्या शेवटी येतो. “यापमा बे!” म्हणजे “नको करू बे!” आमच्या पारावर हे वाक्य म्हटलं तर पहिला शब्द कुणाला कळणार नाही, दुसऱ्यासाठी चहा मिळेल.

आणि बल्गेरिया! माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याच्या कामाची दुसरी टोळी सोफिया शहरात बसते. एकदा रात्री मीटिंग सुरू व्हायची होती, हा डोळे मिटून हेडफोन लावून बसलेला. तिकडे कुणाचा तरी माईक चालू राहिला होता, आणि दोघं आपसांत बोलत होते. कानात आवाज आला, “काक्वो प्राविश, बे?”

भाच्याने डोळे न उघडता उत्तर दिलं, “काई नाई बे, बसलो.”

आणि उत्तर बरोबर होतं. ‘काक्वो प्राविश, बे?’ म्हणजे अक्षरशः ‘काय करतोस बे?’ बल्गेरियन लोक हा ‘बे’ आपल्यासारखाच वापरतात: मित्राला, वाक्याच्या शेवटी, लाडाने किंवा वैतागून, आणि परक्याला म्हटला तर भांडण. पुरुषांना ‘बे’, बायकांना ‘मा’. म्हणजे नियमसुद्धा आमचेच. त्यातला ‘काक्वो’चा ‘क’ आणि ‘काय’चा ‘क’ खरोखर एका कुळातले आहेत. ‘बे’ मात्र आपापल्या गावी स्वतंत्रपणे उगवला. शेजारच्या ग्रीसमध्ये तर ‘रे’ आहे. आपल्यासारखाच, ‘अरे’मधला. जुन्या ‘मूर्खा!’ या हाकेतून तो आला असं मानतात. माझ्या मेहुण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे ‘रे’सुद्धा शिवीच का हो?” त्या दिवसापासून तो आपल्या मुलाला ‘अहो’ म्हणतो.

व्हिएतनामात ‘बे’ म्हणजे चिमुकलं, लहान मूल. जपानी वर्तमानपत्रांत ‘बेइ’ वाचलं जाणारं अक्षर अमेरिकेसाठी वापरतात, आणि त्याच अक्षराचा मूळ अर्थ तांदूळ. अमेरिकेला तांदळाचा देश म्हणणाऱ्यांशी काय वाद घालायचा. इंग्रजीत बे म्हणजे उपसागर, बे म्हणजे बस थांबायची खाच, आणि बे लीफ म्हणजे तमालपत्राच्या नात्यातलं पान; आपलं तमालपत्र मसालेभातात सापडतं आणि ताटाच्या कडेला जातं. या सगळ्यांनी मला फारसा त्रास दिला नाही.

त्रास दिला तो इंग्रजीतल्या सगळ्यात नव्या ‘बे’ने. अमेरिकेतल्या पोरांनी ‘बेबी’चं शेपूट कापून ‘बे’ केलं, ते प्रियकराला, प्रेयसीला लावलं आणि दहाएक वर्षांपूर्वी ते सगळीकडे पसरलं. माझ्या भाच्याचं तेव्हा कोथरूडच्या एका मुलीशी बोलणं सुरू होतं. नुकतंच, अजून ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलेलं. एका सकाळी तिचा मेसेज आला, “गुड मॉर्निंग बे.” भाचा खोलीतल्या मित्रांना हलवून हलवून उठवत म्हणाला, “पोरगी वऱ्हाडातली निघाली बे!”

ती वऱ्हाडातली नव्हती, पण लग्न झालं. तो तिला ‘बे’ म्हणतो ते वऱ्हाडी, ती ऐकते ते इंग्रजी, आणि दोघं आपापल्या जागी खूश आहेत. फक्त एकदा ती दोघं धामणगावला आली असताना माझ्या आईने ते ऐकलं. आईला इंग्रजी येत नाही. “बायकोले बे म्हन्ते! अशीच वागनूक राह्यली तं दोन दिवसात माहेरी जाईन ते,” असं म्हणून तिने नातवाला वाढलेलं पिठलं परत उचललं. नातसून मध्ये पडली, “नाही हो आजी, ते मला आवडतं.” आई तिच्याकडे ज्या नजरेने पाहत राहिली, त्या नजरेत पुण्याबद्दलचं तिचं जुनं मत पक्कं झालेलं होतं.

आता भाच्याची बदली कोपनहेगनला होते आहे, बायकोसकट. निघण्याआधी सल्ला घ्यायला आला, म्हणजे बॅगेचं वजन करायला माझा काटा न्यायला आला. मी त्याला बसवून सांगितलं, बाबा रे, डेन्मार्कात ‘बे’ जपून. तिथे लहान मुलं ‘बे’ शीला म्हणतात. भर बाजारात बायकोला तशी हाक मारलीस तर लोक लंगोट घेऊन धावत येतील.

तो काटा हातात धरून दारात थांबला. चेहरा खरोखर पडला होता.

“मंग तिले म्हनू काय, मामा?”

“नावानं हाक मार ना बे!”